सोले उन्हाळ्यापर्यंत टिकवायचे? आधी उकळते पाणी, मग फ्रीझर

वाशीम : हिवाळ्यात बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा, मटार, फुलकोबी भरपूर येतात आणि भावही उतरतात. उन्हाळ्यात सोलेभाजी खाता यावी म्हणून अनेक घरांत दाणे सोलून थेट फ्रीझरमध्ये टाकले जातात. काही आठवड्यांत ते फिके पडतात, चव उतरते. दोष बहुतेक वेळा फ्रीझरचा नसतो. गोठवण्याआधीची एक पायरी सुटलेली असते.

दाणे फिके का पडतात?
अतिथंडीत जिवाणूंची वाढ थांबते. भाजीतील विकरांचे, म्हणजे एन्झाइमचे, काम मात्र फक्त मंदावते. रंग, चव आणि जीवनसत्त्वे हळूहळू कमी होतात. उकळत्या पाण्याची थोडी धग विकरे निष्क्रिय करते.

कसे करावे?
- कोवळ्या, ताज्या शेंगाच घ्या. त्याच दिवशी सोलून दाणे धुवा.
- अर्धा किलो दाण्यांना सुमारे चार लिटर पाणी खळखळ उकळा.
- दाणे टाकून पाण्याला पुन्हा उकळी आली की वेळ मोजा. मटार दीड मिनिट, तुरीचे सोले व गाजराचे काप 2 मिनिटे, फुलकोबीचे तुरे 3 मिनिटे.
- लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. तेवढाच वेळ ठेवून निथळा.
- सुती कापडावर पूर्ण कोरडे करा. ओल राहिली तर गोळा होतो.
- ताटात पसरून गोठवा. मग एका वेळच्या भाजीपुरते पिशवीत भरा, हवा काढा, तारीख लिहा.

रंगासाठी खाण्याचा सोडा घालू नका; दाणे गिळगिळीत होतात. सांभार उकळू नये. धुऊन, कोरडा करून, चिरून ठेवावा. काकडी, मुळा गोठवू नये. त्यांच्यातील पाण्याचा बर्फ होताना पेशी फुटतात आणि करकरीतपणा जातो.

किती दिवस टिकतात?
उणे 18 अंश सेल्सिअस तापमानात 8 ते 12 महिने. एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा अनेकदा तेवढा थंड होत नाही. त्यातील भाजी लवकर संपवावी.

वीज गेली तर?
दार उघडू नका. गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीझर सुमारे 48 तास, अर्धा भरलेला 24 तास थंडी धरतो. फ्रीजमधला कप्पा त्याआधीच वितळू लागतो. गावाला जाताना वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवा. परतल्यावर नाणे तळाशी दिसले, तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठले आहे. ती भाजी फेकून द्यावी. वासावरून खात्री होत नाही. दाण्यांवर बर्फाचे कण शिल्लक असतील, तर ती पुन्हा गोठवता येते, चव थोडी उतरते.

भारनियमन लांबते तिथे गवार, भेंडी, हरभऱ्याचा पाला यांचे वाळवणच बरे. त्याला वीज लागत नाही.

शिजवताना
दाणे बाहेर काढून वितळू देऊ नका. गोठलेलेच फोडणीत टाका. ते अर्धवट शिजलेले असल्याने भाजी नेहमीपेक्षा लवकर होते.