दुरुस्तीनंतर सुरू न होणारी जुनी डिझेल पिकअप : शोध कोठून सुरू करावा?

ट्रायकोकार्ड कोणासाठी थांबत नाही. कार्डावरील कॉर्सायराच्या अंड्यांमध्ये ट्रायकोग्रामाने आपली अंडी घातली की साधारण ७ ते ८ दिवसांत नवे मित्रकीटक बाहेर पडतात. कार्डे त्याआधी उसाच्या पानांना लागली नाहीत, तर हे कीटक पेटीतच मरतात. शीतकपाटात १० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून हा काळ थोडा लांबविता येतो, पण वाटपासाठी कार्डे बाहेर काढल्यावर ती सोयही उरत नाही. अशाच एका सकाळी खोडकिडीसाठीची कार्डे भरून तयार होती आणि आमची जुनी डिझेल पिकअप सुरू होईना. हेड गॅस्केट बदलून ती आदल्याच सायंकाळी गॅरेजमधून आली होती, तीही स्वतःच्या चाकांवर.

कीटकशास्त्राच्या माणसाने इंजिनाविषयी लिहावे काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. माझे उत्तर असे की निदानाची रीत दोन्हीकडे एकच आहे. पीक अचानक पिवळे पडले, तर आपण किडीचे नाव घेण्यापूर्वी शेतकऱ्याला विचारतो, ‘गेल्या आठवड्यात शेतात काय केले?’ दुरुस्तीनंतर बंद पडलेल्या वाहनालाही हाच प्रश्न लागू होतो. नवा बिघाड नेमका त्याच दिवशी उद्भवण्याची शक्यता कमी. ज्या भागाला हात लागला, जो पाइप सुटला, जी वायर काढली गेली, तेथेच दोष असण्याची शक्यता अधिक. म्हणून कारागिराकडून काय काय उघडले होते, याची यादी प्रथम घ्यावी. पुढील विवेचन यांत्रिक इंधन-पंप असलेल्या जुन्या वाहनांसाठी आहे. कॉमन रेल इंजिनाचे उच्च दाबाचे पाइप घरी कधीही सैल करू नयेत. त्यातील डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते.

पहिली चूक बहुतेक जण करतात ती सेल्फ मारत राहण्याची. एका वेळी १० सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे. इंजिन मंद फिरत असेल, तर इंधनाकडे जाण्याआधी विजेकडे पाहावे. पूर्ण भारित बॅटरी स्थिर असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये. बॅटरी उत्तम असूनही इंजिन जड फिरत असेल, तर इंजिनाची अर्थ वायर पाहावी. इंजिन उघडताना ती सुटते आणि परत लावताना कधी विसरली जाते, कधी रंगावर वा गंजावरच कसली जाते.

इंजिन जोमाने फिरते आहे, तरी सुरू होत नाही, असे असेल तर सायलेन्सरकडे एका माणसाला उभे करावे. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, मात्र पेटत नाही. अशा वेळी हीटर प्लगची वायर, पंपाचे टायमिंग आणि टॅपेटचे अंतर तपासावे. टॅपेट फार घट्ट राहिले, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब तयार होत नाही. धूरच नसेल, तर इंधन पोहोचत नाही असे समजावे. या एका निरीक्षणाने अर्धे काम होते.

आमच्या वाहनातून धूर येत नव्हता. पंपावरील स्टॉप सोलेनॉइड चावी फिरविताच ‘टक्’ असा आवाज करीत होता, म्हणजे त्याची वायर जागेवर होती. (हा आवाज आला नाही, तर इतर काहीही उघडण्यापूर्वी ती वायर पाहावी.) त्यानंतर फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. प्रथम फेस आला, मग बुडबुड्यांविना डिझेल आले. स्क्रू कसला, नोझलकडील नट एकेक फेरा सैल करून सेल्फ मारला, डिझेल दिसताच नट आवळले. इंजिन सुरू झाले.

येथे थांबलो असतो, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले असते. सायंकाळी चालणारे आणि रात्रभर उभे राहिल्यावर बंद पडणारे वाहन एक निश्चित गोष्ट सांगते : कोठून तरी हवा आत शिरते आणि नळीतील डिझेल टाकीकडे परत उतरते. या शोषणाच्या बाजूला दाब नसल्यामुळे गळती बाहेर दिसेलच असे नाही. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडला, तेव्हा बुडबुडे स्पष्ट दिसले. कारण क्षुल्लक होते. बॅन्जो बोल्टचे तांब्याचे जुने वॉशरच परत वापरले होते. एकदा दबलेला वॉशर दुसऱ्यांदा नीट बसेलच असे नाही. नवे वॉशर टाकले, बुडबुडे थांबले आणि कार्डे दुपारच्या उन्हाआधी शेतात पोहोचली.

वाहन गॅरेजमध्ये अनेक आठवडे उभे असेल, तर आणखी एक तपासणी मी आवर्जून सुचवितो, आणि येथे माझा विषय थोडा कामी येतो. मातीचे घरटे करणाऱ्या माश्यांपैकी, म्हणजे कुंभारणींपैकी, काही जाती अरुंद नळ्यांत घर करतात. अळ्या किंवा कोळी बधिर करून आत ठेवतात आणि तोंड मातीने लिंपून टाकतात. टाकीची श्वसननळी अशी बुजली, तर इंजिन काही वेळ चालून बंद पडते. टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर निदान पक्के. ही कल्पनेतील गोष्ट नाही. २०११ मध्ये अमेरिकेत मझदा कंपनीला टाकीच्या वायुनळीत कोळ्यांनी विणलेल्या जाळ्यांमुळे हजारो मोटारी परत बोलवाव्या लागल्या होत्या. हेड उतरविताना हवेच्या मार्गात कचरा पडू नये म्हणून कोंबलेली चिंधी आतच राहिल्याचीही उदाहरणे आहेत. एअर फिल्टरचा पाइप काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. हीटर प्लग असलेल्या इंजिनात हवेच्या मार्गातून पेट्रोल किंवा ईथरचा फवारा मारू नये. तप्त प्लगवर तो अवेळी पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो. तसेच टायमिंग बेल्ट वा चेन उघडली गेली असेल, तर खुणा जुळल्याची खात्री होईपर्यंत ट्रॅक्टरला टोचन लावून गाडी ओढू नये. एखादा दात चुकला असेल, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि नुकतेच बसविलेले हेड पुन्हा उतरवावे लागते. हातपंप, पाने, पारदर्शक नळीचा तुकडा आणि तांब्याचे चार नवे वॉशर आता आमच्या पिकअपच्या सीटखाली, कार्डांच्या स्टेपलरशेजारीच असतात.