डेमलोची माळ

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आणि ६१७४ यांची लग्नगाठ आता सुटायची नाही. त्यांच्यावरचा कुठलाही लेख उघडा, तीच वजाबाकी, तोच अचंबा. चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहायची, ही १९४९ची रीत वाचकांना पाठ आहे. हर्षद संख्या, स्वयंभू संख्या यांचीही हजेरी आता नेमाने लागते. माझा जीव मात्र पहिल्यापासून त्यांच्या डेमलो संख्यांवर.

डेमलो म्हणजे जुन्या जीआयपी रेल्वेवरचं आपलं डोंबिवली. कल्पना तिथे सुचली, म्हणून स्टेशनाचं नाव संख्यांना. त्यांतली सर्वांत देखणी १२३४५६७८९८७६५४३२१, म्हणजे नऊ एककांच्या संख्येचा (१११११११११चा) वर्ग. नऊ ओळी एकेक घर सरकवत मांडा. उभ्या बेरजा एकपासून नऊपर्यंत चढतात आणि उतरतात, हातचा कुठेच नाही. दहा एकक घेतले की मधल्या घरात दहा येतात, हातचा शिरतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असं मोडकं उत्तर मिळतं. नऊ एककांच्या वर्गातल्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने भागही जातो, म्हणजे हर्षद झालीच. भागाकार १२३४५६७९चा वर्ग. आठ तिथे गायब! आता त्याच वर्गाचे शेवटचे नऊ अंक तोडून उरलेल्या आठांत मिळवा: १२३४५६७८ अधिक ९८७६५४३२१, उत्तरात नऊच्या नऊ अंक ९. आणि ९९९९९९९९९ ही स्वतः कापरेकर संख्या: तिच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की तीच परत येते.

याला ‘आकड्यांचे चाळे’ म्हणून नाक मुरडणारे विद्वान मी आयुष्यभर ऐकत आलो. त्यांनी सोलापूरहून १९६३ साली छापून निघालेला ‘गणितसारसंग्रह’ चाळावा. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातल्या महावीराचार्यांनी त्या ग्रंथात नवव्या शतकात २७९९४६८१ला ४४१ने गुणून १२३४५६५४३२१ काढली आहे; अशा गुणाकारांना ते कंठातल्या माळेची उपमा देतात. मग ते चाळेच का? बरं, कापरेकरांचंच पाहा: फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवणारा माणूस देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवत राहिला, त्याची दखल आपण घेतली ती मार्टिन गार्डनरने मार्च १९७५मध्ये अमेरिकेत लिहिल्यावर. तोवर हेच विद्वान गप्प होते.

आमच्या कसबा बावड्यात एकेकाळी ऊसबिलांच्या लांबलचक बेरजा तोंडी करणारी म्हातारी माणसं होती. आता गल्लीतला अभियांत्रिकीचा पोरगा लॅपटॉप घेऊन आला. त्याच्या तक्त्यात नऊ एककांच्या वर्गाचं उत्तर होतं १२३४५६७८९८७६५४३००. म्हटलं, ‘‘बाळा, शेवटी एक असलेल्या संख्येचा वर्ग शून्यात संपेल का?’’

‘‘कॉम्प्युटर चुकतोय व्हय काका?’’

कॉम्प्युटर चुकत नाही, तक्त्याचा प्रोग्रॅम पंधरा अंकांपुढे सांभाळतच नाही. उरलेल्या जागी शून्यं ठेवून मोकळा होतो. हे सांगितलं तर पोरगा म्हणतो, परीक्षेला येत नाही. मी त्याच्यापुढे चौकटीची वही सरकवली आणि दहा एककांचा वर्ग हातानं मांडायला बसवलं. हातचा कुठे शिरला ते दाखवल्याशिवाय चहा नाही, हेही सांगितलं.