विश्लेषण : नक्षीदार रिव्हॉल्व्हरवरची छोटी पिन काय सांगते?

जुन्या शस्त्रांच्या संग्रहात नक्षीदार रिव्हॉल्व्हर दिसले की नजर आधी जाते ती लोखंडावर कोरलेल्या वेलींकडे आणि आबनुसी किंवा हस्तिदंती मुठीकडे. पण त्याचा काळ ओळखायचा तर गोल चक्राची मागची कड पाहावी. प्रत्येक घरापाशी बारीक खाच असेल, तर ते एकोणिसाव्या शतकातले ‘पिनफायर’ रिव्हॉल्व्हर असण्याची दाट शक्यता.

पिनफायरच्या आधी काय होते?

सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. त्याच्या चक्रातील प्रत्येक घरात पुढून दारू आणि गोळी ठासावी लागे. मागे तांब्याची छोटी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी पडून बार उडे. मात्र सगळी घरे पुन्हा भरायला काही मिनिटे लागत. लढाईत तेवढा वेळ मिळणे कठीण.

पिन नेमके काय करते?

पॅरिसचे बंदूक कारागीर काझिमिर लफोशो यांनी १८३० च्या दशकात यावर उपाय शोधला. गोळी, दारू आणि टोपी एकाच काडतुसात घातली. काडतुसाच्या बुडाजवळून एक बारीक पिन बाहेर डोकावते आणि चक्राच्या खाचेत बसते. चाप ओढला की घोडा वरून पिनेवर आदळतो, पिन आतल्या टोपीवर आपटते आणि दारू पेटते. तांब्या-पितळेचे आवरण क्षणभर फुगते, त्यामुळे वायू मागे येत नाही.

त्यांचे पुत्र यूजेन यांनी हे तंत्र रिव्हॉल्व्हरमध्ये आणले. फ्रेंच नौदलाने १८५८ चे मॉडेल स्वीकारले. अमेरिकी यादवी युद्धातही अशी हजारो रिव्हॉल्व्हर वापरली गेली.

मग हे तंत्र मागे का पडले?

कारण तीच पिन! काडतूस एकाच दिशेने बसते, त्यामुळे घाईत किंवा अंधारात भरणे अवघड. शिवाय पिनेवर बाहेरून जोराचा फटका बसला, तर नको तेव्हा बार उडण्याचा धोका. पुढे टोपीचा मसाला काडतुसाच्या कडेत आणि नंतर बुडाच्या मध्यभागी आला. आजची बहुतेक काडतुसे या मध्यभागी टोपी असलेल्या प्रकारातील आहेत.

किंमत नक्षीवर ठरते का?

नेहमीच नाही. बेल्जियममधील लिएज शहरात अशी नक्षीदार रिव्हॉल्व्हर मोठ्या संख्येने बनत. त्यामुळे केवळ नक्षी म्हणजे दुर्मीळ नव्हे. उलट कवी पॉल वर्लेन यांनी १० जुलै १८७३ रोजी ब्रसेल्समध्ये कवी आर्थर रँबो यांच्यावर झाडलेले ७ मिलिमीटरचे लफोशो रिव्हॉल्व्हर खिशात मावणारे, साधेच होते. रँबो यांच्या मनगटाला जखम झाली आणि वर्लेन यांना दोन वर्षांची कैद. तेच रिव्हॉल्व्हर २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात ४ लाख ३४ हजार ५०० युरोंना विकले गेले.

घरात असे शस्त्र सापडल्यास?

‘आजोबांच्या काळातले आहे, त्याला कसला परवाना?’ हा समज महागात पडू शकतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ४५ नुसार कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्राला सवलत आहे; पण ते दुरुस्त करून किंवा न करता वापरण्याजोगे नसेल, तरच. म्हणजे केवळ वय पुरेसे नाही. त्यामुळे चाप ओढून पाहू नये, अडकलेले काडतूस ठोकून काढू नये. शस्त्र आहे तिथेच ठेवून जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे. दीडशे वर्षांनंतरही आतली दारू निकामी झाली असेलच, असे बाहेरून सांगता येत नाही.