वक्ररेषेचे नाव

गणिताचा व माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर संपला, असे मी समजत होतो. परंतु या वार्षिकाच्या कामासाठी छापखान्यात गेलो असता तेथे संगणकावर ‘ळ’ हे अक्षर खूप मोठे करून पाहण्याचा योग आला. अक्षराच्या कडेवर बारीक ठिपके होते आणि काही ठिपके चक्क अक्षराबाहेर. जुळणी करणाऱ्या काकांनी बाहेरचा एक ठिपका ओढला, तशी ‘ळ’ची गोलाई फुगली. “ही बेझिए रेषा,” ते म्हणाले. याहून अधिक त्यांनाही ठाऊक नव्हते.

शोध घेता घेता मी फ्रान्समधील मोटार कारखान्यात जाऊन पोहोचलो. त्या काळी मोटारीची वळणे आरेखक हाताने काढीत. त्यावरून नमुना होई, नमुन्यावरून पोलादी साचा. दर पायरीला वळण थोडे बदले आणि खरे कोणते, हा वाद उरे. आकड्यांवर चालणाऱ्या यंत्रांना तर वळणही आकड्यांतच हवे. सित्रोएन कंपनीत 1958 साली लागलेले तरुण गणितज्ञ पॉल द कास्तेल्झो यांनी 1959 मध्ये त्यावर तोड काढली.

ती पट्टी-पेन्सिलीने करून पाहता येते. त्रिकोणाच्या टोकांसारखे अ, ब, क हे तीन बिंदू घ्या. अब आणि बक या रेषांचे मध्य काढून ते जोडा. या जोडरेषेचा मध्य हा वक्राचा एक बिंदू. आता प्रत्येक वेळी मध्याऐवजी एकतृतीयांश अंतर घ्या. दुसरा बिंदू मिळेल. पाव, पाऊण असे करीत गेले की अ पासून क पर्यंत सुबक वळण उमटते. (मी हे एका तासाला वहीच्या मागच्या पानावर केले, संबंधित प्राध्यापकांनी क्षमा करावी.) गंमत अशी की, वळण ब ला शिवत नाही, पण ओढ सारी त्याचीच. ब हलवला की वळण हलते. छापखान्यातला तो बाहेरचा ठिपका म्हणजे हाच ब! चार बिंदू घेतले तर एक पायरी वाढते, इतकेच.

कंपनीने मात्र हे काम गुपित ठेवले. दरम्यान रेनो कंपनीतील अभियंते प्येर बेझिए (1910–1999) स्वतंत्रपणे त्याच वक्रापाशी पोहोचले आणि 1960 नंतरच्या दशकात त्यांनी ते लेखांतून जगापुढे मांडले. नाव त्यांचे झाले. यात बेझिए यांचा दोष मला दिसत नाही. पण कपाटात पडलेल्या त्या कागदांचे वाईट वाटतेच. पुढे सित्रोएनमधील टिपणे जर्मन गणिती वोल्फगांग बोम यांच्या हाती आली, तेव्हा कुठे रेषा काढण्याच्या त्या रीतीला द कास्तेल्झोंचे नाव मिळाले. ते 2022 साली वारले.

काकांना हे सारे सांगितले. त्यांनी ते दुसरे नाव दोनदा उच्चारून पाहिले आणि विचारले, “मुद्रितशोधन कधी देताय?”