पदवीनंतरची फौज आणि मधले पाच दिवस

बारावीला एनडीए हुकली की ‘आता फौज संपली’ असं म्हणून मुलं मोकळी होतात. प्रत्यक्षात पदवीनंतरही तिथे अधिकारी म्हणून जाता येतं. त्यासाठी यूपीएससी वर्षातून दोनदा सीडीएस परीक्षा घेते आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही अर्ज भरता येतो. डेहराडूनची आयएमए आणि चेन्नईची ओटीए या लष्कराच्या प्रशिक्षण अकादमींना कुठल्याही शाखेची पदवी चालते. नौदलासाठी मात्र इंजिनीअरिंग लागतं. ओटीएच्या लेखी परीक्षेत गणिताचा पेपर नसतो, हे कला शाखेच्या मुलामुलींनी ध्यानात ठेवावं. एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट आणि पदवीला 50 टक्के असतील तर ओटीएच्या एका प्रवेशाला लेखी परीक्षाच द्यावी लागत नाही.

एसएसबीची, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची, मुलाखत मात्र कुणालाच चुकत नाही. आयएमएसाठी लेखी परीक्षा 300 गुणांची आणि एसएसबीही 300 गुणांची. नाव मुलाखतीचं असलं तरी मुक्काम पाच दिवसांचा. छातीवर नंबर बांधला की नाव मागे पडतं. पहिल्याच दिवशी एक अस्पष्ट चित्र अर्धा मिनिट दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची आणि मग गटाने बसून सगळ्यांची मिळून एक गोष्ट ठरवायची. इथे बहुतेक गटांचा मासळी बाजार होतो. आपलंच घोडं दामटणारा उठून दिसतो खरा, पण परीक्षकाच्या वहीत त्याची नोंद वेगळीच होते. संध्याकाळच्या आत बरेच जण परतीच्या गाडीला लागतात.

जे उरतात त्यांना 60 शब्द दाखवले जातात, प्रत्येकाला 15 सेकंद. मनात येईल ते वाक्य लिहायचं. पाठ केलेली वाक्यं 15-20 शब्दांपर्यंत पुरतात, पुढे माणूस जसा आहे तसा कागदावर उतरतो. मैदानावर फळी, बल्ली आणि दोर घेऊन गटाला अडथळे पार करायचे असतात. लाल रंगाला हात लावायचा नाही, सोबतचं ओझंही टाकायचं नाही. तिथे युक्ती कुणाला सुचली एवढंच पाहत नाहीत. दुसऱ्याची युक्ती बरी निघाली तर फळीचं दुसरं टोक कोण धरतो, हेही पाहतात.

म्हणून क्लासच्या साच्यातली उत्तरं घोकून फारसं साधत नाही. सरावासाठी राज्य सरकारचं नाशिक रोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथलं एसएसबीचं प्रशिक्षण विनामूल्य असतं. पण मुलाखतीत ‘कॉलेजात काय केलंत?’ असं विचारल्यावर सांगण्यासारखं काहीतरी गाठीशी हवं: गणेश मंडळाचा हिशेब सांभाळलेला असो, ट्रेकला मागे पडलेल्यांना खाली आणलेलं असो, नाहीतर एनसीसीचा कॅम्प.

निवड झाली नाही तरी वयात बसेपर्यंत पुन्हा जाता येतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निवडले जाणारेही असतात. तेव्हा तयारी पदवीचा निकाल लागल्यावर नव्हे, एफवायलाच सुरू करावी.