निघण्यापूर्वी (लेख सहावा) : पहिली क्रूझ, आणि धक्क्याआधीची तयारी

विमानप्रवासाच्या तयारीचा विषय मागच्या आठवड्यात संपला. आता क्रूझकडे वळू. पहिल्यांदा क्रूझला निघणाऱ्या घरात प्रश्न ठरलेले असतात. बोट लागेल का? जहाज बुडणार नाही ना? शाकाहारी, जैन जेवण मिळेल ना? प्रश्न खोटे नाहीत, पण त्यांचा क्रम चुकलेला असतो. समुद्रावर गेल्यानंतरच्या बहुतेक अडचणींना जहाजावर काही ना काही तोड असते. जहाजावर चढण्याआधी राहून गेलेल्या गोष्टींना मात्र तोड नसते. हॉटेलला उशिरा पोहोचलो तरी खोली आपल्या नावावर राहते, रेल्वे चुकली तर दुसरी मिळते, औषध विसरले तर पुढच्या चौकात दुकान असते. क्रूझमध्ये ही मुभा नाही. म्हणून या लेखाचे म्हणणे एवढेच आहे, की क्रूझची खरी तयारी घरापासून धक्क्यापर्यंतची असते. मुंबईच्या धक्क्यापासून रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरहून लांब असलेल्या छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला तर ती अधिकच नेटाने करावी लागते.

समुद्र हा आपल्या मुलखाला अगदी परका आहे, असेही नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याची नोंद आहे आणि तिथून मौल्यवान खडे बंदराकडे जात असल्याचेही त्यात म्हटले आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पूर्ण नावाच्या सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याची कथा रंगवली आहे. त्या चित्रातल्या जहाजावर शिडे दिसतात आणि त्यांच्याबरोबर रांगेने ठेवलेले घट दिसतात. चित्रकाराला वादळ आणि संकट दाखवायचे होते, तरी घट काढायला तो विसरला नाही. लागेल ते सगळे निघतानाच बरोबर घ्यावे लागते, ही समुद्रप्रवासाची पहिली अट तेव्हाही होती. आजच्या जहाजावर पोहण्याचा तलाव, नाट्यगृह आणि चार तऱ्हेची उपाहारगृहे असली तरी ती अट बदललेली नाही.

सध्या आपल्याला सर्वांत जवळची क्रूझ मुंबईहून सुटते. २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली, २०१९ मध्ये ‘कर्णिका’ आली, आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये इंदिरा गोदीतल्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्‌घाटन झाले. वर्षाला दहा लाख प्रवाशांची ये-जा होईल, असा त्याचा आवाका आहे. इमारत नवी आणि ऐसपैस झाली, तरी तिच्या दारातला नियम जुनाच आहे. जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी चेक-इन बंद होते. प्रवाशांची यादी बंदर आणि सुरक्षा यंत्रणांकडे गेली की त्यात नाव वाढत नाही. तिकिटावर छापलेली सुटण्याची वेळ जहाजासाठी असते. प्रवाशाने लक्षात ठेवायची वेळ म्हणजे चेक-इन बंद होण्याची.

हे गणित संभाजीनगरहून मांडून पाहावे. देवगिरी एक्सप्रेस रात्री निघून सकाळी सीएसएमटीला पोहोचते. तिथून हे टर्मिनल जिथे आहे ते बॅलार्ड पिअर टॅक्सीने हाकेच्या अंतरावर, म्हणजे हाताशी अर्धा दिवस राहतो. वंदे भारत दुपारी पोहोचवते. आरामात बसायला ती चांगलीच, पण गाडी वाटेत दोन तास रखडली तर पुढे सगळीच धावपळ. तपोवन मुंबईत शिरते ती रात्री, त्यामुळे आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करायचा असेल तरच ती कामाची. मोटारीने जाणारे सावंगी किंवा माळीवाड्याहून समृद्धी महामार्गाला लागतात आणि आमण्यापर्यंत वाऱ्यासारखे जातात. पण समृद्धी आमण्यालाच संपते. पुढे भिवंडी, ठाणे आणि मुंबईतली कोंडी उरते, आणि ती कुणाच्याही हिशेबात बसत नाही. म्हणून जहाज संध्याकाळचे असेल तर सकाळी मुंबईत असावे, आणि सकाळचे किंवा दुपारचे असेल तर आदल्या रात्री. एका रात्रीच्या लॉजचे पैसे वाचवण्यासाठी चौघांच्या क्रूझचे पैसे पणाला लावणे हा वाईट सौदा आहे. जहाज चुकल्यावर त्या तिकिटाचे पैसे परत मिळणे जवळजवळ अशक्य असते.

‘एवढे कशाला? एजंट सगळे बघतो,’ असा आक्षेप इथे हमखास येतो. एजंट आरक्षण करतो, अर्ज भरतो, हप्ते लावून देतो. पण धक्क्यावरच्या खिडकीपाशी कागद धरून आपणच उभे असतो. देशांतर्गत फेरीला पासपोर्ट लागत नाही, सरकारी छायाचित्र ओळखपत्र पुरते. मात्र आरक्षणातले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव अक्षरश: जुळले पाहिजे. आपल्याकडे घोटाळा होतो तो इथेच. आधारवर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव, तिकिटावर नुसते नाव आणि आडनाव. लग्नानंतर आधारवरचे आडनाव बदललेले, पासपोर्टवर माहेरचेच राहिलेले. आजोबांच्या एका कागदावर जन्मतारीख एक, दुसऱ्यावर दुसरी. जुन्या पासपोर्टवर ‘औरंगाबाद’ आणि नव्या आधारवर ‘छत्रपती संभाजीनगर’ असले म्हणून कुणी अडवत नाही. अडते ते नाव आणि जन्मतारीख यांवर. तेव्हा आरक्षणाची प्रत हातात आली की घरातल्या प्रत्येकाचे ओळखपत्र शेजारी ठेवून एक-एक अक्षर ताडून पाहावे. दुरुस्ती महिनाभर आधी एका फोनवर होते, धक्क्यावर होत नाही.

लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो. तो कंपनी काढून देणार की आपण काढायचा, हे पैसे भरण्याआधीच विचारून घ्यावे. सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझला गेल्या काही वर्षांत आपल्याकडची बरीच कुटुंबे जाऊ लागली आहेत. तिथे आणखी एक खाच आहे. जहाज मलेशियाला किंवा थायलंडला जाऊन सिंगापूरला परतते तेव्हा कायद्याच्या नजरेत तुम्ही सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश करत असता. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर धक्क्यावरून चढूच दिले जात नाही. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. आई-वडिलांपैकी एकाबरोबरच मूल जात असेल, तर दुसऱ्याचे संमतिपत्र जवळ ठेवावे. मोठ्या गर्भारपणात आणि अगदी तान्ह्या बाळासह बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत, तेव्हा त्यांची आठवड्यांची आणि महिन्यांची अट आधी वाचावी. परदेशी पॅकेजवर आधीच घेतला जाणारा टीसीएस हा कर वेगळा खर्च नसतो. पावती जपली तर तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

कागदांनंतर पिशवी. टर्मिनलवर सोपवलेली बॅग केबिनच्या दाराशी यायला काही तास लागतात, कधी संध्याकाळ होते. इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, बाळाचे दूध आणि एक कपड्यांचा जोड या गोष्टी मोठ्या बॅगेत घालणारा पहिल्याच दुपारी अडचणीत येतो. त्या हातातल्या पिशवीतच हव्यात, आणि औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी हवी. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी आणि औषधे पॅकेजमध्ये धरलेली नसतात. म्हणून प्रवासविमा काढावा. दुसरी बाजू न्यायच्या नाहीत अशा वस्तूंची. चहाची विजेची किटली, प्रवासी इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड, उदबत्ती, निरांजन हे आपल्या घरच्या सवयीचे सामान तपासणीत काढून ठेवले जाते. यात जाच वाटण्यासारखे काही नाही. समुद्रावर अग्निशामक दलाचा बंब बोलावता येत नाही, त्यामुळे जहाजावर आगीइतके भय दुसऱ्या कशाचे नसते. घरून नेलेले लाडू-चिवडाही अडू शकतात, म्हणून आधी विचारावे. शाकाहारी किंवा जैन जेवणाची नोंद आरक्षणाच्या वेळीच करून ठेवावी.

आता बोट लागण्याचा प्रश्न. कानाच्या आतल्या तोलाच्या इंद्रियाला हेलकावा जाणवतो, पण बंद खोलीत डोळ्यांना भिंत स्थिर दिसते. या दोन खबरांचा मेळ बसला नाही की मळमळते. उपायही त्यातूनच निघतात. डेकवर जाऊन दूर क्षितिजाकडे पाहावे, खोलीत मोबाइलवर वाचत बसू नये, पोट रिकामेही ठेवू नये आणि तडस लागेपर्यंत भरूही नये. ॲव्होमिनसारखी गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग फारसा राहत नाही. तिने झोप येते आणि काही आजारांत ती चालत नाही, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सर्वांत मोठा उपाय मात्र आरक्षणाच्या दिवशीच करायचा असतो. सीसॉच्या फळीची टोके वरखाली होतात आणि मधला भाग जवळजवळ जागेवर राहतो. जहाजाचेही तसेच आहे. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन सर्वांत कमी हलते, आणि बहुधा ती स्वस्तही असते. ‘एम्प्रेस’ १९९० साली बांधलेले आहे. त्या काळच्या जहाजांवर गॅलरीच्या खोल्या मोजक्याच असत, त्यामुळे त्या महाग पडतात. ज्याला गाडी लागते त्याने गॅलरीसाठी जादा पैसे मोजू नयेत, डेक सगळ्यांनाच मोकळा असतो.

‘समुद्राचा भरवसा काय?’ हा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि महाराष्ट्राच्या आठवणीत त्याला कारणही आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट आषाढ अमावास्येच्या खवळलेल्या समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पण त्या बोटीची आणि आजच्या क्रूझची तुलना करताना मधले नियम विसरून चालणार नाही. ‘टायटॅनिक’नंतर १९१४ मध्ये जहाजांवरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो पुढे कडक होत गेला. त्यानुसार मोठ्या प्रवासी जहाजावरच्या जीवनौका आणि तराफ्यांत मिळून, जहाजावर असतील त्याहून पाव पट अधिक माणसांची सोय लागते. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जण दगावले. त्या दिवशीच चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षा कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला. आता ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, म्हणजे आपल्या ठरलेल्या जागी जमायचे. जीवरक्षक जाकीट कुठे आहे आणि आपली जमण्याची जागा कोणती, हे पहिल्या तासात आजी-आजोबांसह सगळ्यांनी पाहून घ्यावे. त्याच वेळी जेवणाच्या रांगेत उभे राहणाऱ्याला समुद्राच्या भरवशाबद्दल बोलण्याचा अधिकार उरत नाही.

पैशांच्या बाबतीत ‘सगळे धरून’ या शब्दांवर विसंबू नये. मद्य, खास उपाहारगृहे, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली आणि सेवाशुल्क यांतले काय धरले आहे ते लेखी मागावे. जहाजावर रोख चालत नाही. खर्च केबिनच्या कार्डावर चढतो आणि शेवटी एकदम समोर येतो, म्हणून मुलांच्या कार्डाला मर्यादा घालता येते का ते पाहावे. किनारा दूर गेला की मोबाइल जहाजावरचे उपग्रहाचे जाळे पकडतो आणि त्याचा दर रोमिंगहून कितीतरी जड असतो. धक्का सुटताच मोबाइल विमान मोडवर टाकावा.

गोव्यात जहाज मुरगावला लागते. तिथून पणजी साधारण तीस किलोमीटर आणि कळंगुट त्याहून दूर. तेव्हा एका दिवसात उत्तर आणि दक्षिण गोवा दोन्ही उरकण्याचा बेत जहाज चुकवण्याचा बेत ठरू शकतो. लक्षद्वीपच्या अगत्तीला तर मोठे जहाज किनाऱ्याला लागतच नाही, लहान बोटींतून उतरावे लागते. समुद्र खवळला तर उतरणे रद्द होते. मार्ग बदलण्याचा अधिकार कप्तानाचा असतो, आणि तिकिटाच्या अटींत तो आपण मान्य केलेला असतो. बेत समुद्राशिवाय इतर कारणांनीही मोडतो: जानेवारी २०२२ मध्ये गोव्यात पोहोचलेल्या एका जहाजावर ६६ जण करोनाबाधित निघाले आणि जहाजाला मुंबईला परतावे लागले. गुडघेदुखी असलेल्यांना बरोबर नेताना लहान बोटीत उतरण्याचा विचार आधी करावा.

शेवटी, ‘दोन-तीन रात्रींसाठी एवढी उठाठेव?’ या प्रश्नाचे उत्तर. फेरी छोटी असते म्हणूनच तयारी लागते. दहा दिवसांच्या सहलीत एक दिवस वाया गेला तरी नऊ उरतात. दोन रात्रींच्या क्रूझमध्ये पहिली दुपार हरवलेल्या गोळ्यांच्या शोधात आणि दुसरा दिवस न जुळलेल्या हिशेबात गेला, तर हातात काही उरत नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात: चेक-इन बंद होण्याची वेळ, ओळखपत्रावरचे नाव, केबिनची जागा, पॅकेजमध्ये न धरलेले खर्च आणि रद्द करण्याच्या अटी. या पाचांची उत्तरे एजंटकडून लेखी घ्यावीत. जो एजंट ती देण्यास टाळाटाळ करतो, त्याच्याकडे आरक्षण करू नये.