गच्चीवरच्या वायफायला वीज कुठून?

पुण्यात कोथरूड-कात्रजच्या एखाद्या सोसायटीत बागेसाठी, पार्किंगसाठी वायफाय घ्यायचं ठरलं की बैठकीत वाद रंगतो तो कंपनी कुठली घ्यायची यावर. अडतं मात्र विजेपाशी. ॲक्सेस पॉइंट गच्चीवरच्या टाकीच्या भिंतीला लावायचा, तर तिथे प्लग कुठे आहे? आणि असलाच, तरी जुलैच्या पावसात उघड्यावर २३० व्होल्टचा बोर्ड ठेवायचा कुणी?

यावरचा उपाय म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट, बोलण्यात 'पीओई'. इंटरनेटची केबलच ४८ व्होल्टच्या आसपासची डीसी वीजही वर नेते. कल्पना जुनीच आहे. लोडशेडिंगमध्येही घरचा लँडलाइन वाजायचा, कारण त्याला एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची ४८ व्होल्ट वीज त्याच तारेतून मिळायची. इथेही तेच. केबलमध्ये वीज सोडणाऱ्या तळमजल्यावरच्या नेटवर्क स्विचला यूपीएस द्या, दिवे गेले तरी गच्चीवरचं वायफाय चालू राहतं. माझ्या मते पीओईचा सगळ्यात मोठा फायदा हाच. एक वायर वाचते हा त्यापुढे किरकोळ.

केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. डेटा जातो तो जोडीतल्या दोन तारांमधल्या दाबाच्या फरकातून, तर वीज त्या दोन्ही तारांवर सारख्याच दाबाने चढवलेली असते. म्हणून दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत.

पहिलं मानक २००३चं. त्यात स्विच १५.४ वॉट देतो, पण १०० मीटरनंतर १२.९५ वॉटचाच भरवसा. बाकीची वीज तारेत उष्णता होऊन जाते. २००९मध्ये मर्यादा ३० वॉटवर गेली, २०१८मध्ये ९०वर. मानकाप्रमाणे चालणारा स्विच आधी दहा व्होल्टच्या आतला दाब देऊन पलीकडे २५ किलो-ओहमचा ठरावीक रोध आहे का ते तपासतो आणि मगच पूर्ण वीज सोडतो. त्यामुळे चुकून लॅपटॉप जोडला तरी जळत नाही. काही स्वस्त उपकरणांसोबत येणारा २४ व्होल्टचा 'पॅसिव्ह' इंजेक्टर मात्र काहीच न विचारता वीज ढकलतो. तो दुसऱ्या कशाला लावू नये.

केबल घ्यायला तपकीर गल्लीत जाल, तर नुसतं 'कॅट सिक्स द्या' म्हणू नका. अस्सल तांब्याची मागा. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम, अशी केबल स्वस्त पडते, पण तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट. लांब अंतरावर ॲक्सेस पॉइंट सारखा रीस्टार्ट होतो आणि दोष उपकरणाला दिला जातो. बाहेरच्या कामाला काळ्या पॉलिथिलीन आवरणाचीच केबल हवी; घरातल्या केबलचं पीव्हीसी उन्हात तडकतं. पेटीत शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा ठेवावा, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं.

पुण्यात पावसापेक्षा धास्ती वळवाच्या विजांची. केबल इमारतीत शिरते तिथे सर्ज प्रोटेक्टर बसवावा आणि त्याला खरं अर्थिंग द्यावं. अर्थिंगशिवाय तो नुसता शोभेचा.

दोन विंगांमध्ये १०० मीटरहून जास्त अंतर असेल, किंवा केबल उघड्यावरून न्यायची असेल, तर तिथे तांबं नको, फायबर टाका. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून पलीकडच्या विंगेत वेगळा पीओई स्विच आणि त्याचा यूपीएस लागेल. कोटेशन मागवतानाच तो खर्च धरायला सांगा.